दिवाणखान्यातील चित्रपटगृह : स्पीकर आणि रिसीव्हरची निवड

चित्रपट ही जितकी पाहण्याची, तितकीच ऐकण्याचीही कला आहे. १९७५ साली प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ या चित्रपटाच्या ७० मिलिमीटरच्या प्रतींबरोबर प्रेक्षकांना निरनिराळ्या दिशांनी येणारा ध्वनी ऐकावयास मिळाला. पुढील काही दशकांत हीच सोय घरगुती उपकरणांत उतरली आणि ‘होम थिएटर’ हा शब्द रूढ झाला. बंगळुरूसारख्या शहरात नव्या सदनिकेत राहावयास गेलेले कुटुंब असा संच घेण्याचे ठरविते, तेव्हा दुकानात त्याच्यापुढे सर्वप्रथम वॉटचे आकडे ठेवले जातात. त्या आकड्यांवर विसंबून घेतलेला महागडा संच घरी येतो. स्फोटांनी खिडक्यांची तावदाने थरथरतात, परंतु पात्रे काय बोलली ते घरातील वडीलधाऱ्यांना कळत नाही. हा दोष पुष्कळदा यंत्राचा नसून निवडीच्या क्रमाचा असतो. आधी खोली, मग स्पीकर आणि शेवटी रिसीव्हर, हा योग्य क्रम होय.

खोलीचा स्वभाव

स्पीकरमधून निघालेला ध्वनी श्रोत्याच्या कानी थेट पोचतो, त्याचप्रमाणे भिंती, छत आणि जमीन यांवर आदळूनही पोचतो. विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्यास हे निराळे सांगावयास नको. तेथे साधी टाळीही अनेक वेळा परत ऐकू येते. हा चमत्कार टाळीचा नव्हे, वास्तूचा आहे. दिवाणखान्यात प्रतिध्वनी असा सुटा ऐकू येत नाही. तो मूळ ध्वनीत मिसळून शब्द पुसट करतो.

या विषयाचा शास्त्रीय पाया अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबाइन यांनी घातला. १८९५ साली तेथील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे समजत नाही, अशी तक्रार आली आणि तिचा उलगडा करण्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. जवळच्या सभागृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून मांडावयाच्या आणि ध्वनी विरण्यास किती काळ लागतो ते मोजावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. खोलीचे घनफळ जितके अधिक, तितका ध्वनी अधिक काळ रेंगाळतो आणि शोषण जितके अधिक, तितका तो लवकर विरतो, हा नियम त्यांतून हाती आला.

सोळा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा दिवाणखान्याला हा नियम लावून पाहता येतो. गिलावा केलेल्या भिंती, काँक्रीटचे छत आणि गुळगुळीत फरशी यांवर पडणाऱ्या ध्वनीचा सरासरी विसावा भागच शोषला जातो असे धरले, तर आवाज पूर्ण विरण्यास सुमारे २ सेकंद लागतात. सामान्य बोलण्यात तेवढ्या वेळात आठ-दहा अक्षरे उच्चारली जातात. म्हणजे प्रत्येक अक्षर पुढच्या अक्षरांवर सावली धरून राहते. जाड सतरंजी, पडदे, कापडी सोफा आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांमुळे शोषण एकपंचमांशापर्यंत वाढले, तर हाच काळ सुमारे अर्ध्या सेकंदावर येतो. हा बदल कोणत्याही महागड्या यंत्राने साधत नाही.

सॅबाइन यांनी शोषणाचे एकक म्हणून उघडी खिडकी घेतली होती, कारण तिच्यातून बाहेर गेलेला ध्वनी परत येत नाही. बंगळुरूच्या सौम्य हवेत खिडक्या वर्षातील बराच काळ उघड्या असतात. त्यामुळे खोली कमी घुमते. परंतु रस्त्यावरील रहदारी आत येते आणि चित्रपटाचा आवाज शेजाऱ्याकडे जातो. संच बसविताना खिडकी उघडी आणि बंद, अशा दोन्ही स्थितींत ऐकून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

खर्जाचे वर्तन मात्र वेगळे असते. वर सांगितलेल्या खोलीत लांबीच्या दिशेने सुमारे ३५ आणि रुंदीच्या दिशेने सुमारे ४७ हर्ट्झच्या कंपनांना भिंतींमध्ये स्थिर लहरींचे रूप येते. अशा स्वरांचा घुमारा भिंतीलगत अतिशय वाढतो, तर खोलीच्या मध्यभागी तो जवळजवळ नाहीसा होतो. सतरंजी वा पडदा त्यास आवर घालू शकत नाही. बैठक मागील भिंतीला टेकवून न ठेवता थोडी पुढे घेणे आणि खर्जाचा स्पीकर दोन-तीन ठिकाणी ठेवून ऐकणे, हा त्यावरील बिनखर्चाचा उपाय होय.

स्पीकरची पारख

आजचा स्पीकर हा मूलतः चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडलेल्या रचनेचाच वंशज आहे. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलते, त्याला जोडलेला शंकू हलतो आणि हवा कंप पावते. घरगुती संचात बहुधा असे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर असतो, यालाच ५.१ म्हणतात. पुढील डावा आणि उजवा स्पीकर श्रोत्याच्या समोरील रेषेशी प्रत्येकी ३० अंशांवर आणि भोवतालचे दोन १०० ते १२० अंशांवर असावेत, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. पाचवा, मधला स्पीकर पडद्याच्या खाली अथवा वर बसतो.

या सर्वांत खरेदीदार ज्याची सर्वाधिक उपेक्षा करतो तो मधलाच, आणि बहुतेक संवाद त्याच्याच वाट्याला येतात. वयोमानाने उच्च कंपनांचे श्रवण मंदावते. स, श, फ, त यांसारखी व्यंजने ओळखण्यास हीच कंपने लागतात. घरात वृद्ध मंडळी असतील तर मधला स्पीकर चांगला घेणे ही चैन नसून गरज ठरते. तो पुढील दोन स्पीकरांच्याच जातीचा असावा. नाहीतर पात्र पडद्यावर चालू लागले की त्याचा आवाज बदलल्यासारखा वाटतो. त्याला बंद कपाटात कोंडू नये आणि त्याचे तोंड श्रोत्यांच्या कानांकडे वळवावे.

दुकानात ऐकताना एका मोहापासून सावध राहावे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की, हळू आवाजात खर्ज कानाला कमी ऐकू येतो आणि आवाज वाढविला की तो भरून येतो. त्यामुळे दोन स्पीकरांपैकी किंचित मोठ्याने वाजणारा हमखास सरस भासतो. दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा आणि ओळखीचे ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे : एखादे नाट्यपद, तंबोऱ्याची साथ किंवा साधे बोलणे. मानवी आवाज ज्यातून नैसर्गिक वाटतो, तो स्पीकर स्फोटही बरा वाजवितो. उलट मात्र नेहमीच खरे नसते.

वॉटचा हिशेब

स्पीकरच्या माहितीपत्रकात संवेदनशीलता दिलेली असते. ती ८७ डेसिबेल असेल, तर १ वॉट शक्तीने १ मीटर अंतरावर तेवढा आवाज मिळतो. मोकळ्या जागी ३ मीटरवर तो सुमारे साडेसत्त्याहत्तर डेसिबेल उरतो. खोलीत भिंतींच्या साहाय्याने याहून थोडा अधिक. सामान्य संभाषण सुमारे ६० डेसिबेलचे असते, हे ध्यानी घेतले तर एका वॉटचे सामर्थ्य लक्षात येते. चित्रपटातील क्षणिक कडाडण्यासाठी ९५ डेसिबेल हवे असल्यास सुमारे ५६ वॉट पुरतात. शक्ती दुप्पट केली तरी केवळ ३ डेसिबेलची भर पडते. म्हणून ५० वॉटऐवजी १०० वॉटसाठी मोठी रक्कम मोजण्यापेक्षा ९० डेसिबेल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला, तर तेवढाच लाभ होतो.

वॉट कसे मोजले, हेही विचारावे. १९९० च्या दशकात भारतातील संगीतसंचांवर ‘पीएमपीओ’ या नावाने हजारो वॉटचे आकडे झळकत असत; त्यांचा अखंड मिळणाऱ्या शक्तीशी फारसा संबंध नसे. रिसीव्हरच्या बाबतीत एकाच वाहिनीवर, एकाच स्वरावर आणि मोठी विकृती मान्य करून काढलेला आकडा फसवा असतो. दोन वाहिन्या एकदम चालू ठेवून, २० ते २०,००० हर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात, अल्प विकृतीसह दिलेला आकडा विश्वसनीय मानावा.

रिसीव्हर

स्पीकर ठरले की रिसीव्हरची निवड सोपी होते. स्पीकरचा विद्युत्‌रोध, म्हणजे ४, ६ वा ८ ओहम, त्याला पेलला पाहिजे. मायक्रोफोनच्या साहाय्याने अंतरे आणि आवाजाच्या पातळ्या आपोआप जुळविण्याची सोय असावी. लहान स्पीकरांचा खर्ज, साधारणतः ८० हर्ट्झखालील, सबवूफरकडे वळविता आला पाहिजे. दूरचित्रवाणी संचाचा ध्वनी परत घेणारी एचडीएमआय जोडणीही हवी. खोली लहान असता सात वा नऊ वाहिन्यांचा हव्यास व्यर्थ आहे.

बंगळुरूतील अनेक कुटुंबे अमेरिकेतून परत येताना आपला रिसीव्हर बरोबर आणतात. केवळ १२० व्होल्टसाठी बनविलेले असे यंत्र आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्याला सरळ जोडल्यास जळून जाते. व्होल्ट उतरविणारा पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याची किंमत हिशेबात धरावी लागते. स्पीकरच्या तारा मात्र शहरातच स्वस्त मिळतात. सदर पत्रप्पा मार्ग, म्हणजेच एस. पी. रोड, ही त्यासाठी प्रसिद्ध बाजारपेठ. तार शुद्ध तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, एवढे तपासून घ्यावे.

शेजारधर्म आणि खरेदीचा क्रम

सबवूफरचा खर्ज हवेपेक्षाही काँक्रीटच्या लादीतून खालच्या मजल्यावर अधिक पोचतो. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबेल अशी मर्यादा आहे. सबवूफर जाड रबरी पायांवर ठेवणे, त्याची पातळी कमी राखणे आणि रिसीव्हरमधील रात्रीच्या श्रवणाची सोय वापरणे, एवढ्याने पुष्कळ कटुता टळते. या सोयीने मोठे आवाज दबतात आणि संवाद स्पष्ट राहतात.

सर्व संच एकदम घेण्याची आवश्यकता नाही. प्रथम खोलीत सतरंजी व पडदे, मग पाच वाहिन्यांचा साधा रिसीव्हर आणि समोरचे तीन चांगले स्पीकर, पुढे सबवूफर आणि अखेरीस भोवतालचे दोन स्पीकर, अशा टप्प्यांनी खरेदी करता येते. तीन स्पीकरांवरच संवाद सुस्पष्ट ऐकू येऊ लागले, तर पाया बरोबर पडला असे समजावे. तसे होत नसेल, तर पुढचा पैसा खर्च करण्यापूर्वी खोलीकडे पुन्हा एकदा पाहावे.