रोजचं विज्ञान : मातीच्या बैलाचा फोटो का फसतो?

पोळा जवळ आला की हिंगोलीच्या बाजारात मातीचे रंगवलेले बैल मांडले जातात. उंची जेमतेम वीतभर, पण शिंगांना सोनेरी रंग, पाठीवर झूल, सगळा थाट. घरी आणून मोबाइलचा फ्लॅश मारला, की पाठीवर पांढरा डाग आणि मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली. असं का होतं?

फ्लॅशचा दिवा हरभऱ्याएवढा. त्याचा उजेड एकाच बिंदूतून येतो, म्हणून सावलीची कड सुरीसारखी पडते. शिवाय चकचकीत रंग आरशासारखा वागतो. तो पांढरा डाग म्हणजे दिव्याचंच प्रतिबिंब!

उपाय सोपा : दिवा मोठा करा. भर उन्हात आपली सावली ठसठशीत असते, ढग आले की विरघळते. कारण तेव्हा सारं आभाळच दिवा होतं. खिडकीवर जुनं पांढरं धोतर टांगा. वीतभर बैलाला चार फुटी खिडकी आभाळाएवढीच! डाग पसरून मंद झळाळी होते.

उजेड समोरून नको, बाजूने येऊ द्या. वशिंडाचा उठाव दिसेल. दुसऱ्या बाजूला वहीचा कोरा कागद उभा करा. तो उजेड परतवतो आणि अंधारातली कूस उजळते.

खोलीतला पिवळा बल्ब मात्र बंद ठेवा. नाहीतर बैल एकीकडून निळसर, दुसरीकडून हळद लागलेला दिसेल!