भरतीपुरता व्यायाम

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावासारख्या गावी पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्याच्या कडेने तरुणांची धावपळ सुरू होते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर व गोळाफेक, अशा ५० गुणांच्या मैदानी चाचणीसाठी देह झिजविण्याचा हा उपक्रम मोठ्या निष्ठेने चालतो, आणि निकाल लागला, मग तो अनुकूल असो वा प्रतिकूल, की तितक्याच निष्ठेने बंद पडतो. या उत्साहाची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. कोरडवाहू मुलखात सरकारी वर्दी म्हणजे साऱ्या घराचा आधार असतो. परंतु धावण्याने हृदयाला व स्नायूंना आलेले बळ सराव सुटताच काही आठवड्यांत ओसरू लागते, हा शरीराचा कायदा कोणत्याही निवड मंडळाच्या फैसल्याची पर्वा करीत नाही. म्हणूनच पंचविशीत मैदान गाजविणारा गडी चाळिशीत मोटारसायकलीवरून शेताच्या धुऱ्यापर्यंत जाताना दिसतो आणि मधुमेहाची गोळी कोणत्या वेळी घ्यावयाची याची चौकशी करू लागतो.

वस्तुतः वऱ्हाडात व्यायामाची परंपरा काही अल्पस्वल्प नाही. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी जो आखाडा उभा केला, त्याचाच विस्तार होऊन श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले, आणि १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या प्रसंगी याच मंडळाच्या पथकाने परदेशी प्रेक्षकांपुढे देशी खेळांची व व्यायामांची प्रात्यक्षिके करून दाखविली. असा इतिहास ज्या प्रांताच्या दप्तरी जमा आहे, तेथील तरुणाने गावात जिम नाही ही सबब पुढे करावी, हे मला तरी पटत नाही.

दंड-बैठकांना जागा लागते ती हातभर. तळहात खांद्याइतक्या अंतरावर टेकून, कंबर उंच ठेवून, छाती जमिनीलगत पुढे सरकवीत मान वर उचलावयाची आणि पुन्हा पूर्वस्थितीस यावयाचे, एवढ्या एका दंडात छाती, खांदे, बाहू आणि पोट यांना एकसमयावच्छेदे काम मिळते. बैठकीने मांड्या व पोटऱ्या घडतात, मात्र ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठावे-बसावे, तेवढ्यावर भागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी मुक्रर केलेले प्रमाण आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम इतकेच आहे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे आणि दोन दिवस दंड-बैठका. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या या भागात सूर्य वर येण्यापूर्वीच हे उरकावे आणि घाम गेल्यावर मीठ घातलेले ताक प्यावे, हे वेगळे सांगावयास नकोच. दिवसभर वाकून निंदण करणाऱ्या किंवा कापूस वेचणाऱ्या बाईला मात्र कोणी व्यायामाचा उपदेश करू नये. तिला हवी आहे ती विश्रांती आणि पोटभर सकस अन्न.

अन्नाची कथा तर अधिक विचार करावयास लावणारी आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि जवळजवळ तितकाच तंतुमय भाग असतो. तिच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते, ते तुरीच्या वरणात विपुल असते, आणि डाळीत जे उणे ते ज्वारी पुरविते. तेव्हा भाकरी-वरण, सोबत अंबाडीची भाजी नि जवसाची चटणी, हे ताट बाजारी प्रोटीनच्या डब्यापुढे मान खाली घालणारे खचित नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकी नसते, म्हणून पुष्कळ घरी ते कढत पाण्याने भिजवितात. त्या उष्णतेने पिठातील स्टार्च फुलून ते सांधले जाते, आणि मग काठवटीत हाताने मळून, थापून, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवून, शेवटी निखाऱ्यावर भाकरी टम्म फुगते.

पण ती ज्वारी आता शिवारात आहे कोठे? सोयाबीनने तिची जागा घेतली, आणि सोयाबीन हे घरी शिजवावयाचे पीक नव्हे. ते बाजार समितीत जाते, तेथून तेलगिरणीत, आणि त्याच्या पैशातून गहू, तेल, बिस्किटे घरी येतात. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. तथापि दाण्यात दूध भरताच पाखरांचे थवे उतरतात, रात्री रानडुकरे आणि रोही येतात, आणि साऱ्या शिवारात एकट्याने ज्वारी पेरणाऱ्याचे पीक त्यांच्याच पदरात पडते. यावर तजवीज एकच दिसते: धुऱ्याला धुरा लागून असलेल्या पाच-सहा जणांनी पेरणीपूर्वी एकत्र बसून प्रत्येकी थोडी जमीन ज्वारीखाली आणावी आणि जागलीच्या पाळ्या ठरवाव्या, कणसे घरी खावयास, कडबा बैलांना, आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पहाटे धावावयाचे असतेच, तर पहाटेची पाळी त्यांच्याकडे.