नवं हँडल घेताना

रेवस-करंजा लाँचवर दुचाक्या एकमेकींना खेटून उभ्या असतात. तिथे हातभर बाहेर आलेलं रुंद हँडल शेजारच्या गाडीच्या आरशात अडकतं. म्हणून दिसण्याआधी रुंदी बघा. जुन्याच्या आसपास असलेली बरी.

मग जाडी. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींच्या हँडलचा व्यास 22 मिलिमीटर असतो. काही महागड्या हँडलांचा मधला, क्लॅम्पमध्ये बसणारा भाग 28.6 मिलिमीटर असतो. टोकं मात्र 22 चीच. तसलं हँडल जुन्या क्लॅम्पमध्ये बसत नाही. मध्ये पत्र्याची पट्टी कोंबून बसवण्याचा जुगाड कुणी सुचवला तर गाडी काढून सरळ निघा.

उंच हँडल घेतलं की क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची वायर आणि डिस्कचा ब्रेक होज अपुरे पडतात. बसवल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. इंजिनाचा आवाज आपोआप चढला, तर वायर ताणली जातेय. हँडल टाकीला टेकतंय का, तेही बघा. स्विचच्या आतली पिन बसायला हँडलला भोक लागतं. नव्याला ते आहे ना, दुकानातच पाहा.

खाऱ्या हवेत स्वस्त क्रोमला ग्रिपच्या कडेपासून गंज धरतो. ॲल्युमिनियम तांबडं पडत नाही, पण लोखंडी बोल्टाला टेकतं तिथे पांढरी भुकटी धरतं. नटबोल्ट स्टेनलेसचे घ्या आणि ग्रीस लावून आवळा.

मोठा फेरफार करणार असाल तर मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 वाचून ठेवा.