विकतच्या पिठाचे घरचे पॅटिस

घरी चार पाहुणे जमायचे म्हटले की आपल्याकडे कढई चढते. बाहेर गप्पा रंगतात आणि घरातली बाई मात्र आत एकामागून एक घाणे तळत उभी असते. तिची सुटका करणारा एक सोपा पदार्थ म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेले लहान पॅटिस. ताटभर पॅटिस एकदम आत जातात आणि भाजून होईपर्यंत त्यांच्याजवळ कोणाला उभे राहावे लागत नाही.

“पण पीठ विकतचे?” असा प्रश्न लगेच येईल. पूर्वी दळण जात्यावर होई. गिरणी आल्यावर पोळी काही परकी झाली नाही. शिवाय हे पीठ घरी करणे फार कष्टाचे. मैद्याच्या लादीत लोण्याचा किंवा मार्गारीनचा एक थर ठेवायचा, लादी लाटून तिची तीनपदरी घडी घालायची, थंड करायची आणि पुन्हा लाटायची. असे ६ वेळा केले की त्या एका थराचे ७२९ थर होतात! चहाबरोबर आपण जी खारी खातो ती अशाच पिठाची.

हे पीठ फुगते ते सोड्याने किंवा यीस्टने नव्हे, तर वाफेने. ओव्हनच्या उष्णतेने पिठातील पाण्याची वाफ होते. स्निग्धाचे थर तिला सहज बाहेर जाऊ देत नाहीत, म्हणून ती पिठाचे पापुद्रे वर उचलते. भाजण्यापूर्वीच स्निग्ध वितळले तर पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि पॅटिसची जाड पुरी होते. सारांश, पीठ थंड हवे आणि ओव्हन कडक तापलेला हवा.

आपल्या भागात पहिली अट पाळणेच अवघड. पफ पेस्ट्रीची गोठवलेली लादी बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरच्या बाजारात पाहावी. ओळखीच्या बेकरीतही विचारावे. मात्र उन्हाळ्यात चामटोलीपर्यंत येता येता ती मऊ पडणारच. म्हणून ती बाजारातील सर्वांत शेवटची खरेदी असावी. वर्तमानपत्राच्या चार-पाच पदरांत गुंडाळून आणावी आणि घरी येताच शीतकपाटात ठेवावी.

सुमारे ४०० ग्रॅम पीठ घ्यावे. २ मध्यम उकडलेले बटाटे, अर्धी वाटी मटार, आले, हिरवी मिरची, कोथिंबीर व मीठ यांची कोरडी भाजी करून ती पूर्ण गार होऊ द्यावी. गरम भाजीने लोणी वितळते. पीठ ३ मिलिमीटर जाड लाटून ८ सेंटिमीटरचे चौकोन कापावेत. साधारण १८ होतात. सुरी धारदार हवी, नाहीतर कडा दबून थर फुलत नाहीत. प्रत्येकात चमचाभर भाजी ठेवून, कडांना आतून पाण्याचे बोट लावून त्रिकोणी घडी घालावी. वरून दूध लावावे, पण ते कापलेल्या कडेवर ओघळू देऊ नये. टोच्याने वर एक भोक पाडावे. आधी १५ मिनिटे तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला २० ते २५ मिनिटे भाजावे. मध्येच दार उघडू नये. उरलेल्या पट्ट्यांवर ओवा पेरून, पीळ देऊन भाजल्यास खुसखुशीत काड्या होतात.

एक इशारा मात्र हवा. तळणे टळले म्हणून पदार्थ हलका झाला असे नाही. या पिठात स्निग्ध भरपूर असते. खाद्यतेले व वनस्पती तुपातील घातक ट्रान्स मेदाचे प्रमाण २०२२ पासून २ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले गेले आहे. तरीही वेष्टनावरचा मजकूर वाचून, शक्यतो लोण्याचे पीठ निवडावे आणि माणशी दोन-तीन पॅटिस पुरे मानावेत.

आणि हो, लाटणे, कापणे, घडी घालणे ही कामे मुलग्यांनाही उत्तम जमतात. पीठ विकत मिळते, पण बरोबरीने बसून खाण्याचा आनंद मात्र घरच्यांनीच एकमेकांना द्यावा लागतो.