शोकसभेत न उच्चारलेला शब्द

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयात अमेरिकेतल्या काळ्या लेखकांचे साहित्य आणि आपले दलित साहित्य या विषयावर माझे व्याख्यान होते. जेम्स बॉल्डविनवर मी वीसेक मिनिटे बोललो. हार्लेममधले हलाखीचे बालपण, धर्मोपदेशक सावत्र बाप, चौदाव्या वर्षी स्वतः व्यासपीठावर चढून केलेली प्रवचने, चोविसाव्या वर्षी गाठलेले पॅरिस, सगळे सांगितले. तो समलिंगी होता, हे मात्र सांगितले नाही. मला कोणी अडवले नव्हते. टिपणवहीत ते वाक्य लिहिलेले होते. पहिल्या रांगेतली वडीलधारी मंडळी पाहिली आणि ते गाळले, इतकेच. सभा संपल्यावर विशीतला एक मुलगा चहाचा कप घेऊन जवळ आला आणि हळूच म्हणाला, “सर, ‘जिओवानीज रूम’चं नाव नाही घेतलंत.” मी वेळ कमी पडल्याचे कारण पुढे केले. तो “बरं” म्हणाला आणि गेला.

पुढे या विषयात जसजसा शिरलो, तसतसे लक्षात आले की मी जे केले ते फार मोठ्या माणसांनी फार मोठ्या सभेत आधीच केले होते.

बॉल्डविन १ डिसेंबर १९८७ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या सँ-पॉल-द-व्हाँस या गावी कर्करोगाने वारला. वय त्रेसष्ट. ८ डिसेंबरला न्यूयॉर्कमधल्या सेंट जॉन द डिव्हाइन या भव्य कॅथीड्रलमध्ये त्याचा अंत्यविधी झाला. हजारो माणसे जमली होती. आफ्रिकी ढोल वाजले आणि टोनी मॉरिसन, माया अँजेलो, अमिरी बराका असे लेखक बोलले. हे तिघेही बॉल्डविनपेक्षा लहान, त्याच्या मागून आलेल्या पिढीचे. यांतल्या बराकाने तरुणपणी त्याच्यावर बोचरी टीका केली होती, तोही आता ऋण मान्य करायला उभा होता. मॉरिसनने बॉल्डविनकडून मिळालेल्या तीन देणग्या सांगितल्या: भाषा, धैर्य आणि कोवळीक. तिचे भाषण पुढे छापून आले, आणि एका लेखकाने दुसऱ्याचे ऋण कसे मांडावे याचा तो आजही नमुना म्हणून वाचावा.

श्रोत्यांत बार्बरा स्मिथही होती. ही काळी, समलिंगी लेखिका. ऑड्री लॉर्डसोबत तिने वर्णद्वेष सोसणाऱ्या स्त्रियांच्या लेखनासाठी ‘किचन टेबल’ ही प्रकाशनसंस्था उभी केली. अंत्यविधीनंतर तिने एक श्रद्धांजलीपर लेख लिहिला. आपल्याला आपले मृत नेहमी दोनदा पुरावे लागतात, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक आहे. तिचे दुःख साधे होते. त्या दिवशी काळेपणाचा गौरव भरभरून झाला, पण हा माणूस समलिंगी होता, हे जणू नव्हतेच. ज्याने ते कधी लपवले नाही, त्याच्याच अंत्यविधीत ते लपले.

लपवले नाही, हे थोडे उलगडून सांगायला हवे. ‘गो टेल इट ऑन द माउंटन’ ही बॉल्डविनची पहिली कादंबरी १९५३ साली क्नॉफने काढली आणि नाव झाले. दुसरी कादंबरी म्हणजे ‘जिओवानीज रूम’. पॅरिसमधल्या एका अमेरिकन तरुणाचे एका इटालियन तरुणावरचे प्रेम, आणि ते स्वीकारता न आल्याने झालेला नाश. त्यातली पात्रे गोरी. म्हणजे काळ्यांच्या दुःखाचा लेखक ही नुकती मिळालेली ओळखही लेखकाने आपण होऊन बाजूला ठेवलेली! क्नॉफने हस्तलिखित नाकारले. लंडनच्या मायकेल जोसेफने ते घेतले आणि अमेरिकेत १९५६ साली डायल प्रेसने छापले. अमेरिकेत त्या काळी राज्याराज्यांतून समलिंगी संबंध हा गुन्हा होता.

किंमत मोजावी लागली ती पुढे, आणि आपल्याच बाजूच्या लोकांकडून. एल्ड्रिज क्लीव्हरचे ‘सोल ऑन आइस’ १९६८ साली आले. क्लीव्हर ब्लॅक पँथर पक्षाचा प्रचारप्रमुख. त्या पुस्तकात त्याने बॉल्डविनवर जो हल्ला चढवला, त्याचे सार असे की समलिंगी काळा पुरुष हा मुळात काळ्यांचा द्वेष्टा असतो. बॉल्डविनने १९७२ च्या ‘नो नेम इन द स्ट्रीट’मध्ये त्याला उत्तर दिले, पण ते इतके सौम्य की वाचताना चीड येते. चळवळीत फूट नको म्हणून त्याने गिळले असावे, असे माझे मत. याच पक्षाचा संस्थापक ह्यूई न्यूटन याने ऑगस्ट १९७० मध्ये स्त्रियांच्या आणि समलिंगींच्या मुक्तिलढ्यांशी हातमिळवणी करावी, असे भाषण केले होते, हेही नोंदवायला हवे. पक्षातही एकच सूर नव्हता.

आपला संबंध येतो तो इथे. मुंबईत १९७२ साली दलित पँथर स्थापन झाली ती याच पक्षाचे नाव घेऊन. त्याआधीपासून डॉ. म. ना. वानखेडे यांच्यासारखे अभ्यासक अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्याची ओळख आपल्याकडे करून देत होते, पुढे डॉ. जनार्दन वाघमारे यांनी त्यावर ग्रंथच लिहिला. या वाटेने माझ्यासारख्या पदवी नसलेल्या वाचकालाही बॉल्डविन भेटला. मुंबईच्या फूटपाथवर ‘द फायर नेक्स्ट टाइम’ची जीर्ण प्रत मी घेतली ती या नावाची ओळख होती म्हणूनच. पण मराठीत माझ्या हाताला जे लागले त्यातून मला भेटला तो काळा बॉल्डविन. पँथरचे नाव आपल्यापर्यंत आले. क्लीव्हर–बॉल्डविन वाद माझ्यापर्यंत यायला आणखी पंधरा वर्षे लागली.

अंत्यविधीत जे राहून गेले, ते पुरे करण्याचे काम तोवर फिलाडेल्फियातल्या एका पुस्तकाच्या दुकानात सुरू झाले होते. दुकानाचे नावच ‘जिओवानीज रूम’. १९७३ साली सुरू झालेले, समलिंगींच्या साहित्याला वाहिलेले. तिथे जोसेफ बीम नावाचा काळा तरुण काम करी. कपाटे लावताना त्याच्या ध्यानात आले की दुकानाला नाव दिले आहे एका काळ्या लेखकाच्या कादंबरीचे, पण फळ्यांवर बहुतेक सगळे गोरे पुरुष. या जाचातून त्याने काळ्या समलिंगी पुरुषांच्या लेखनाचा पहिला संग्रह संपादित केला, ‘इन द लाइफ’, १९८६. बॉल्डविन तेव्हा हयात होता. प्रभाव म्हणजे शैलीचे अनुकरण, असे आपण सहसा मानतो. इथे तो जागा करून देण्याचा होता: एकाने दार ढकलून ठेवले, दुसऱ्याने आत खुर्च्या मांडल्या.

बीमने दुसरा संग्रह हाती घेतला, त्यात बॉल्डविनवरचा स्वतःचा लेखही ठेवायचा होता. डिसेंबर १९८८ मध्ये, चौतिसावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, एड्सने तो गेला. मग त्याचा मित्र, कवी एसेक्स हेम्फिल, बीमच्या आईवडिलांच्या घरी राहायला गेला. आई डोरोथी आणि तो, दोघांनी मुलाचे कागद लावले, लेखकांना पत्रे लिहिली आणि १९९१ साली ‘ब्रदर टू ब्रदर’ प्रसिद्ध झाले. हेम्फिलही १९९५ मध्ये त्याच आजाराने गेला. त्या पिढीतले किती लेखक असे गेले, हे पाहिले की बॉल्डविनचा वारसा मधेच खंडित झालेला का वाटतो, ते कळते. वारस उरलेच थोडे.

सगळा वारसा कृतज्ञतेचाच होता असे नाही. ऑड्री लॉर्डशी बॉल्डविनचा झालेला संवाद १९८४ साली ‘एसेन्स’ मासिकात आला. त्यात ती त्याला सोडत नाही. काळ्या पुरुषाच्या वेदनेबद्दल तो बोलत राहतो आणि ती पुन्हा पुन्हा काळ्या स्त्रीला त्याच्यासमोर आणून उभी करते. मला हा संवाद कुठल्याही गौरवसभेपेक्षा मोलाचा वाटतो.

अलीकडची पिढी ठाऊक आहेच. ता-नेहिसी कोट्सने २०१५ मध्ये मुलाला लिहिलेल्या दीर्घ पत्राच्या रूपात पुस्तक केले. बॉल्डविनने १९६२ मध्ये पुतण्याला लिहिलेले पत्र त्यामागे उघड दिसते. जेस्मिन वॉर्डने २०१६ च्या संग्रहाचे नावच बॉल्डविनच्या शीर्षकावर बेतले. त्याच वर्षी आलेल्या राउल पेकच्या माहितीपटात मात्र जुनीच गंमत. नव्वदहून अधिक मिनिटांच्या चित्रपटात समलिंगीपणाचा थेट उल्लेख येतो तो एफबीआयच्या टिपणातून! सरकारी गुप्तहेरांनी त्याच्यावर १,८८४ पानांची फाइल केली होती. त्यांना तो शब्द लिहायला संकोच वाटला नाही.

२०२४ मध्ये बॉल्डविनची जन्मशताब्दी झाली आणि ठिकठिकाणी वाचनसंध्या रंगल्या. तरुण लेखक येतात, आवडता उतारा वाचतात, त्याने आपल्याला काय दिले ते सांगतात. आज त्यांतले अनेक स्वतःची ओळख क्विअर अशी मोकळेपणी सांगतात आणि ‘जिओवानीज रूम’ सर्वांदेखत वाचतात. त्याचे कागदपत्र २०१७ पासून हार्लेममधल्या शोंबर्ग सेंटरमध्ये, म्हणजे त्याच्या जन्मगल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, अभ्यासकांसाठी आहेत. मात्र भाऊ डेव्हिड आणि ल्युसियन हॅपरसबर्गर यांच्यासह काही निकटच्या माणसांशी झालेला पत्रव्यवहार कुटुंबाच्या इच्छेनुसार वीस वर्षे बंद आहे. ‘जिओवानीज रूम’ची अर्पणपत्रिका ल्युसियनच्याच नावे आहे. ती पत्रे खुली व्हायला २०३७ उजाडेल.

त्या वाचनालयाने यंदा पुन्हा बोलावले आहे. विषय मी कळवला आहे, कादंबरीच्या नावासकट.