नोंदणीची मुलाखत : आपले काम आपल्या तोंडाने कसे मांडावे?

बाहेरदेशातून जुनी मशीन मागवणाऱ्या किंवा यंत्रावर बँकेचे कर्ज काढणाऱ्या आमच्या वाचकांना 'चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला' ठाऊक आहे. त्या कागदावर शिक्का मारणारा माणूस नुसत्या पदवीवर तेथे पोहोचलेला नसतो. त्याचा अनुभव तपासून एखाद्या व्यावसायिक संस्थेने त्याची नोंद केलेली असते. आज आपल्या गवंडी, फॅब्रिकेटर, वायरमन बांधवांची मुले-मुली इंजिनिअर होत आहेत. पदवी हाती आली की काम संपले, असा अनेक घरांत समज आहे. म्हणून पुढच्या पायरीविषयी आज लिहीत आहोत.

आपल्या देशात १९२० साली स्थापन झालेली 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)' ही कोलकात्याची संस्था अशी नोंदणी करते. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक इंजिनिअर म्हणून नोंद हवी असेल तर पदवीनंतर किमान ७ वर्षांचा अनुभव आणि त्यात २ वर्षे महत्त्वाच्या कामाची जबाबदारी अंगावर घेतलेली असावी लागते. सौदी अरेबियात इंजिनिअर म्हणून नोकरी करायची तर तेथील इंजिनिअर कौन्सिलकडे नोंद करावीच लागते. तेथे मुख्यतः कागदपत्रांची पडताळणी होते. काही संस्था मात्र उमेदवाराला समोर बसवून विचारतात. ब्रिटनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेत उमेदवाराने आधी सुमारे १५ मिनिटे आपले काम मांडायचे असते आणि त्यानंतर दोन अनुभवी परीक्षक तासभर किंवा अधिक वेळ प्रश्न विचारतात. आपल्या मुलांची गाडी अडते ती येथेच.

का अडते? आपल्या घरात 'मी केले' म्हणणे उद्धटपणाचे मानतात. बाप मिस्त्री असेल तर तो म्हणतो, "आम्ही बांधले." मुलगाही मुलाखतीत म्हणतो, "आमच्या कंपनीने अमुक कोटींचे काम केले, आम्ही मुदतीत पुरे केले." ऐकायला बरे वाटते, पण नोंद कंपनीची व्हायची नसून त्याची व्हायची आहे. परीक्षकांना एवढेच जाणायचे असते : निर्णय कोणाचा होता, तो का घेतला आणि चुकला असता तर जबाबदार कोण होते?

एक उदाहरण घेऊ. समजा, परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर येथे एका व्यापाऱ्याचे धान्याचे गोदाम बांधायचे आहे. जमीन काळी, भारी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. हे आपल्या भागातल्या कोणत्याही गवंड्याला सांगावे लागत नाही.

या कामावरचा तरुण मुलाखतीत म्हणाला, "काळी माती असल्यामुळे खोल पाया घेतला," तर त्याने काहीच सांगितले नाही. त्याने असे सांगावे : "मी जागेवर खड्डे घेऊन मुरूम किती खोल लागतो ते पाहिले. माती वाळवून चाळली. १० ग्रॅम माती पाण्याच्या नळीत आणि १० ग्रॅम रॉकेलच्या नळीत टाकून २४ तास ठेवली. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तेथे १० मिलिलिटर भरली, पाण्यात २१ भरली. म्हणजे फुगवटा ११० टक्के, जो धोक्याचा मानला जातो. माझ्यापुढे तीन वाटा होत्या : मुरमापर्यंत खोदणे, काळी माती काढून मुरूम भरणे, किंवा तळाशी फुगवटा असलेले अंडर-रीम्ड खांब घेणे. मुरूम जवळच लागला, खांबांसाठी यंत्र बाहेरून आणावे लागले असते, म्हणून मी पहिली वाट सुचवली. भिंतीलगत पाणी मुरू नये म्हणून चारी बाजूंनी फरशीचा पट्टा आणि उतार दिला. नकाशावर अंतिम सही माझ्या वरिष्ठांची होती."

पाहा, यात मोठे शब्द नाहीत. पण अडचण काय, तपासले कसे, पर्याय कोणते, निवड का केली आणि आपली जबाबदारी कोठपर्यंत होती, हे सारे आले. शेवटचे वाक्य तर फार मोलाचे आहे. दुसऱ्याचे काम स्वतःच्या नावावर सांगणारा दोन-तीन प्रश्नांतच उघडा पडतो.

तयारीसाठी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली : दहा कामांची यादी वाचू नये. एक-दोन कामे निवडावीत. काम लहान असले तरी चालेल, पण निर्णय स्वतःचा हवा.

दुसरी : १५ मिनिटांत पाच-सात चित्रे किंवा तक्ते पुरेत. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवू नये. जागेचा फोटो, खड्ड्याचा छेद आणि खर्चाची तुलना यांनी काम भागते. नकाशे मालकाचे असतात, म्हणून ते दाखवण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी.

तिसरी : एक चूक लपवू नये. माल उशिरा आला, माप चुकले, पुन्हा करावे लागले, असे प्रत्येक कामात घडते. ते कसे ध्यानात आले आणि पुढे काय बदलले, ते सांगावे. मजुरांच्या सुरक्षेसाठी काय केले, खड्ड्याच्या कडा ढासळू नयेत म्हणून काय उपाय केला, हा प्रश्न हमखास येतो.

चौथी : उत्तर येत नसेल तर "हे मला ठाऊक नाही, अमुक मानक पाहून सांगेन," असे सरळ म्हणावे. थापा मारणारा इंजिनिअर कोणालाच नको असतो.

पाचवी : भाषेची भीती बाळगू नये. बोलणे आधी घरच्या भाषेत तयार करावे, मग इंग्रजीत न्यावे. घड्याळ लावून अब्बांसमोर किंवा चाचांसमोर म्हणून पाहावे. चाळीस वर्षे थापी धरलेल्या माणसाने "मग पाणी कोठे गेले?" असे विचारले आणि उत्तर सुचले नाही, तर ती उणीव मुलाखतीआधीच कळली. असा परीक्षक पैसे देऊनही मिळत नाही.

वडीलधाऱ्यांनाही आमची एक विनंती आहे. मुलाला शिकवताना "असेच करतात" म्हणून थांबू नका. का करतात, तेही सांगा. तुमच्या हातात जे ज्ञान आहे ते त्याच्या तोंडी आले, तर परगावच्या मुलांपेक्षा तो एक पाऊल पुढेच राहील.

वालूरला गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची जुनी बारव आहे. गावकऱ्यांनी अलीकडे तिच्यातला कचरा-गाळ काढून ती मोकळी केली. ती बांधणाऱ्या कारागिराची कोणी मुलाखत घेतली नसेल. त्याचे काम आजवर त्याच्या वतीने बोलत आहे. आजच्या इंजिनिअरला एवढी सवलत नाही. त्याचे काम परीक्षकांसमोर चालत जात नाही. ते त्यालाच न्यावे लागते, आणि तेही पंधरा मिनिटांत.