गवतात एकटे निजलेले पाडस

जूनच्या सुरुवातीची गोष्ट. संध्याकाळी कुकर लावत होते, तोच न्यू जर्सीहून नणंदेचा फोन. एरवी तिचा फोन रविवारचा, म्हणून जरा धस्सच झाले.

"अगं वहिनी, आमच्या टोमॅटोच्या वाफ्यामागे हरणाचं पिल्लू येऊन पडलंय! अगदी एवढंस्सं. एकटंच आहे, हलत नाही, ओरडत नाही. आई टाकून गेली वाटतं. मुलं म्हणतायत घरात आणू या. बाटलीनं दूध पाजू का?"

आता दादरला राहणारी मी काय सांगणार? आमच्याकडे वाफा नाही, खिडकीच्या गजाला टांगलेल्या दोन कुंड्या आहेत. मी म्हटले, "तिथल्या जुन्या शेजारणीला विचार बाई. आणि तोवर हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी, आमचा चहा व्हायचा होता तेवढ्यात पुन्हा फोन. शेजारच्या आजीबाईंनी बजावले होते, 'पडदे ओढा आणि घरात बसा.' तिन्हीसांजेला झाडीतून हरिणी आली, इकडेतिकडे पाहून घेतले, पिल्लाला पाजले, चाटूनपुसून साफ केले आणि त्याला घेऊन निघून गेली. नणंद म्हणाली, "वहिनी, मी दिवसभर त्या माउलीला नावं ठेवत होते गं!"

आपण आयांची जात. लेकरू एकटे दिसले की आधी त्याच्या आईलाच बोल लावतो. त्या हरिणीचे काय चुकले होते ते समजून घ्यावे म्हणून मी थोडे वाचले. चूक आपल्या समजुतीची होती, तिची नव्हे.

न्यू जर्सीतले हे हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण. कॅनडापासून थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत ते आढळते. उन्हाळ्यात तांबूस, हिवाळ्यात करडे. शेपटी वरून तपकिरी, पण धोका दिसला की ती ताठ उभी राहते आणि खालचा पांढराशुभ्र भाग निशाणासारखा फडकतो. आपल्यापैकी कितीतरी जणींची या हरणाशी ओळख आहे बरं का, फक्त नाव ठाऊक नाही. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले 'पाडस' वाचले आहे ना? त्यातले पाडस याच जातीचे. मूळ इंग्रजी कादंबरी मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची, १९३८ सालची. तिथे पाडसाचे नाव 'फ्लॅग' ठेवले आहे, म्हणजे निशाण, ते या शेपटीवरूनच.

आता ती आई लेकराला सोडून जाते कुठे? चरायला. तिला दूध यायचे तर पोटभर पाला खायला हवा. पण तिच्या अंगाला वास असतो. त्या वासावर लांडगा, कोल्हा, कुत्रा कोणीही माग काढील. नवजात पाडसाला मात्र जवळजवळ वासच नसतो. आई त्याला चाटून काढते, त्याची घाणसुद्धा स्वतः खाऊन टाकते, म्हणजे माग राहत नाही. अंगावरचे पांढरे ठिपके पानांतून पडलेल्या कवडशांसारखे दिसतात. चाहूल लागली की पाडस मान जमिनीला टेकून निपचित पडते. त्याच्या हृदयाचे ठोकेसुद्धा मंदावतात. थोडक्यात, आई दूर असणे हेच त्याचे संरक्षण. दिवसातून काही वेळाच ती येते, पाजते आणि पुन्हा लांब जाते. जुळी असली तर दोघांना दोन वेगळ्या जागी ठेवते. तीन-चार आठवड्यांनी पाडस तिच्या मागोमाग चरायला निघते.

आणि ते बाटलीचे दूध! हरिणीचे दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी दाट असते. आपण मायेने गाईचे दूध पाजायचे आणि त्या जिवाला जुलाब लागायचे.

हे सगळे वाचल्यावर वाटले, परदेशातल्या हरणाचे एवढे कौतुक, मग आपल्याकडचे काय? म्हणून एका रविवारी डबा घेऊन मुलांसह बोरिवलीची गाडी पकडली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचे आहे, एवढ्या मोठ्या शहराला खेटून. तिथे चितळ आहे, सांबर आहे, कुत्र्यासारखे भुंकणारे भेकर आहे आणि दृष्टीस क्वचितच पडणारी सशाएवढी पिसोरीही आहे.

चितळाचे ठिपके मोठेपणीही जात नाहीत. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे पहिल्या पावसाळ्या-हिवाळ्यातच नाहीसे होतात. सीतामाईला भुरळ घालणारा मृग डोळ्यांपुढे आणायचा तर मला चितळच दिसते. चितळाला पिल्ले व्हायला ठरावीक ऋतू नाही, वर्षभर केव्हाही होतात. साडेसात-आठ महिन्यांचे गर्भारपण आणि बहुधा एकच पाडस. चितळीण त्याला जेमतेम आठवडाभर लपवून ठेवते, मग कळपात घेऊन येते. कळपात मात्र पहारा चोख. एकीने मान वर करून पाय आपटला की सगळ्या स्तब्ध. त्यातून झाडावर वानरे असली तर दुधात साखर. वानर खाताना निम्मा पाला नि फळे खाली टाकते, ती चितळांना मिळतात. बिबट्या दिसला की वानर वरून खाकरते आणि खालचे सावध होतात. चितळाच्या हाकेवर वानरेही सावध होतात. मध्य प्रदेशातल्या कान्हाच्या जंगलात शास्त्रज्ञांनी या शेजारधर्माचा रीतसर अभ्यास केला आहे. त्याच जंगलात जॉर्ज शॅलर यांनी १९६० च्या दशकात हरणे आणि वाघ यांच्यावर मुक्काम ठोकून काम केले होते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारले होते, "बाई, हरणाचं शिंग मोडलं तर रक्त येतं का?" फार चांगला प्रश्न. चितळ-सांबराचे शिंग म्हणजे हाडच. ते नव्याने वाढत असते तेव्हा त्यावर मखमलीसारखी कातडी असते, तिच्यात रक्त खेळत असते. तेव्हा दुखावले तर रक्त येते. वाढ पूर्ण झाली की कातडी वाळते, नर ती झाडाला घासून काढतो. माजाचा काळ सरला की शिंगे गळून पडतात आणि पुन्हा नवी येतात. काळविटाचे तसे नाही. त्याचे पिळदार शिंग जन्मभराचे, गाईसारखे. म्हणून शास्त्रज्ञ काळविटाला हरणांच्या कुळात धरत नाहीत, आपण मात्र सर्रास हरीण म्हणतो.

आमच्या आजेसासूबाईंच्या बटव्यात सांबरशिंगाचा तुकडा असे. छातीत कफ झाला की सहाणेवर उगाळून लेप. आता सांबरशिंगाची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे. काष्ठौषधींच्या दुकानात कोणी गुपचूप पुढे केले तरी घेऊ नये. गळलेली शिंगे जंगलात वाया जात नाहीत. साळिंदरे आणि खुद्द हरणेही चुन्यासाठी ती कुरतडतात.

बोरिवलीला एक गोष्ट पाहून मात्र जीव कासावीस झाला. आमच्यापुढच्या कुटुंबातल्या बाई मुलाच्या हाताने एका चितळीला ब्रेडचे तुकडे देत होत्या आणि रिकामी पिशवी तिथेच गवतात. हरीण रवंथ करणारे जनावर. त्याच्या पोटाचे चार कप्पे पाला-गवत आंबवण्यासाठी बनलेले. ब्रेड, बिस्किटे, शिळा भात असला पिठूळ मारा एकदम झाला की पोटात आम्ल वाढते, जनावर दगावूही शकते. पिशवी गिळली तर बोलायलाच नको. मी धीर करून त्या बाईंना सांगितले. त्यांचे तोंड एवढेसे झाले. पण त्यांनी पिशवी उचलली. नंतर कँटीनजवळ त्याच म्हणाल्या, "अहो, पुण्य लागेल वाटलं हो."

गावाकडे सुट्टीला गेलात तर उसात किंवा गवतात काळविटाचे, चितळाचे पाडस दिसू शकते. तेही असेच आई दूर असताना दडून बसते. बघावे आणि मागे फिरावे. कुत्री आवरावीत. चुकून कोणी हात लावला असला, तरी आई त्याला टाकत नाही. जिथून उचलले तिथेच ठेवून लांब व्हावे. जखमी असेल, किंवा शेजारी आई मरून पडली असेल, तर गोष्ट वेगळी. मग वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. घरी मात्र नेऊ नये. १९७२ च्या कायद्याने तो गुन्हा तर आहेच, शिवाय हाताने वाढवलेला नर मोठा होऊन माजावर आला की माणसालाच प्रतिस्पर्धी समजतो आणि शिंगे रोखून येतो. 'पाडस'मधला मुलगा बापडा दुष्ट नव्हता. त्याचे पाडस खरोखरच पोरके होते आणि त्याने ते जिवापाड जपले. पण ते वाढले, शेतातले पीक खाऊ लागले, आणि पुढे जे झाले ते वाचून मी लायब्ररीचे पुस्तक भिजवले होते.

नणंदेचा परवा पुन्हा फोन होता. हरिणी आता पाडसाला घेऊन रोज येते म्हणे. गणपतीसाठी म्हणून लावलेला सगळा झेंडू दोघांनी मिळून खाल्ला. "आता हार कशाचा करू?" म्हणून विचारत होती. मी म्हटले, "दूर्वा तरी शिल्लक आहेत का बघ."